मिठूच्या घराची तार

आमच्या पडवीत उभं राहून कोणी "ही जाळी कुठून आणलीत हो?" असं विचारलं, की त्या दिवशी माझं चुलीवरचं काहीतरी करपतंच. कारण ही जाळी कुठूनही आणलेली नाही, आणि ती कुठूनच का आणली नाही हे सांगायला बसलं की एका गोष्टीच्या शेपटाला दुसरी लागून येते. पोलादपूरला आमची बदली होऊन चार वर्षं झाली. तेवढ्या काळात लोक दागिने जमवतात, जमिनी जमवतात. आम्ही एका पोपटाच्या घराचे किस्से जमवले.

सगळे सांगत नाही. पाहुण्यांना दोन सांगते, तितक्यात चहा निवतो. इथे मात्र मला कोणी उठवायला नाही, तेव्हा जरा ऐसपैस बसते.

*

आधी घरची माणसं. आमचे हे रस्त्याच्या खात्यात ओव्हरसीअर. महाबळेश्वरच्या घाटातला कुठला धोंडा कधी सुटेल हे ह्यांना लांबून बघून कळतं. मी मराठी सातवीची परीक्षा पास झालेली. मला वाचलेलं सगळं आठवतं, फक्त वेळेवर आठवत नाही. कमू, आमची मुलगी, तेव्हा सव्वा वर्षाची. तिला जगातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहायची होती, आणि ती तिच्या तोंडातून काढणं हा माझा दिवसभराचा उद्योग.

आणि मामंजी. तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलं शिकवली. त्यांचा आवाज असा, की वर्गात ते पाढे म्हणायला लागले की रस्त्यावरून जाणारा गाडीवान पुढचा आकडा म्हणायचा. त्या आवाजावर अर्धांगवायू पडला. उजवी बाजू गेली, आणि वाचा पार गेली. डाव्या हातात एक काठी. खाटेच्या खुरावर एकदा ठोकली की हो, दोनदा ठोकली की नाही. एवढीच भाषा उरली.

पण आवाज घरात होता. मामंजींनी नऊ वर्षं पाळलेला पोपट, मिठू, हुबेहूब त्यांच्या आवाजात बोलायचा. "सूनबाई, चहा." "शांत बसा रे." "बे चोक?" मामंजी खाटेवरून नुसते पिंजऱ्याकडे बघायचे आणि मिठू हाक मारायचा. मी चहा घेऊन जायची. कोणी कोणाला शिकवलं होतं कोण जाणे, पण मामंजींना चहा वेळेवर मिळत होता.

दिवाळी झाली आणि मिठू गप्प झाला. पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचा. आठ दिवस झाले, तोंडातून शब्द नाही. मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं आणि पेज खायचं सोडलं. हे म्हणाले, थंडी बाधली असेल. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. ते मी नेहमीच म्हणते. पण त्या वेळी खरंच माझंच चुकलं होतं.

*

त्याच आठवड्यात अब्बासभाई कल्हईला आले. ते मूळचे तुडीलचे. तरुणपणी बोटीवर होते, तिथल्या भटारखान्यातली भांडी कल्हई करायचे. गावी परतल्यावर भाता खांद्यावर टाकून महाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत फिरायचे. साठीचे असतील. बोलणं कमी, आणि जे असेल ते भांड्याकडे बघून.

मी अंगणात भांडी मांडून ठेवली. त्यांनी ती मोजली नाहीत, वाजवली नाहीत. ते पडवीतल्या पिंजऱ्याशी जाऊन उभे राहिले. पितळी पिंजरा, मामंजींच्या शाळेच्या दिवसांतला. त्यांनी विचारलं, पाखरू खातं काय? मी सांगितलं, हरभऱ्याची डाळ, पेरू, मिरची.

त्यांनी पिंजऱ्याच्या तारेवरून नख ओढलं आणि नखातला हिरवा भुगा मला दाखवला. "आनि ह्ये," म्हणाले. "ह्ये पन खातो. चोच बगा त्याची."

मिठूच्या चोचीच्या कडेला तोच हिरवा रंग होता. मला तो इतके दिवस पेरूचा वाटत होता.

पितळेला कळंक चढतो, तो विषारी असतो, हा धडा मी पुस्तकात वाचलेला. पानाचा डावा कोपरासुद्धा आठवतो. अब्बासभाईंनी भात्याजवळ बसत भांड्यांच्या राशीकडे बघितलं. "तांब्यापितळ्यांना वर्सातून दोनदा कल्हई करता बाय. आनि ज्याच्यात बोलनारं मानूस ठेवलंय, त्याला नाय?"

त्याच दुपारी मिठूला पिंजऱ्यातून काढून लाकडी दांडीवर बसवलं, पायाला सुती दोरी. अब्बासभाईंनी सांगितलं तसं डाळ बंद, भिजवलेले तांदूळ आणि भरपूर पाणी. पाचव्या दिवशी मी चूल फुंकत होते आणि बाहेरून हाक आली, "सूनबाई, चहा."

मी दोन कप नेले. मामंजींनी भिंतीकडचं तोंड वळवलं होतं.

*

आता दोरी बांधलेला पोपट म्हणजे मांजरासाठी वाढलेलं ताट. शिवाय मिठू चार दिवसांत ती दोरी कुरतडायचा. ह्यांनी ठरवलं, पडवीचा अर्धा भाग जाळीने बंद करायचा. माणूस उभा राहील एवढं पक्षीघर, मामंजींच्या खाटेच्या अगदी समोर. दोघांनाही दिवसभर एकमेकांचं तोंड दिसेल.

हे महाडला गेले आणि सर्व्हिस मोटारीच्या टपावर जाळीचा एक मोठा गुंडाळा टाकून घेऊन आले. काय चमकत होती ती. जस्ताचा मुलामा, विलायती. दुकानदाराने दहा वर्षं गंज चढणार नाही म्हणून ग्यारंटी दिली होती. ह्यांनी ती उलगडून अंगणात अंथरली आणि चार पावलं मागे जाऊन बघत राहिले, पूल बांधून झाल्यावर बघतात तसे.

अब्बासभाई उरलेली भांडी पोचवायला आले होते. त्यांनी जाळीवरून अंगठा फिरवला, पांढरी पूड निघाली ती फुंकली.

"दहा वर्सं गंज येनार नाय, ह्ये खरं हाय साहेब," ते म्हणाले. "पाखरू दहा वर्सं ऱ्हाईल का, ते शेटला इचारलंत?"

हे जरा दुखावले. म्हणाले, जस्ताच्या बादलीतलं पाणी आपण पीत नाही का?

"पानी पिता," अब्बासभाई म्हणाले. "ताक ठेवता का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. जस्ताच्या बादलीत ताक कोण ठेवेल?

*

इथे माझ्या आयुष्यातली एकमेव शास्त्रीय परीक्षा आली. मला वाटलं, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं हे स्वयंपाकघरात कुणालाही कळतं. मग तारेची परीक्षा ताकानेच घ्यावी. ताक बिघडवते ती तार वाईट, ताक तसंच राहतं ती चांगली. चिनी मातीच्या चार वाट्या घेतल्या, आंबट ताक भरलं, आणि प्रत्येकीत एकेका तारेचा तुकडा: लोखंडाची, जस्ताची, पितळेची, आणि अब्बासभाईंनी कल्हई करून दिलेली लोखंडी. वाट्यांखाली चिठ्ठ्या. फळीवर ओळीने मांडून ठेवल्या. आपण फार हुशार आहोत असं मला त्या संध्याकाळी वाटलं. तसं वाटलं की दुसऱ्या दिवशी काहीतरी होतंच.

दुसऱ्या दिवशी हे घाटातून भर उन्हाचे आले. मी विहिरीवर होते. तहान लागलेल्या माणसाला फळीवर ताक दिसलं. तुकडा तळाशी होता, तो काही दिसला नाही. एक वाटी घटाघट प्यायले. मी परत आले तेव्हा हे परसात केळीच्या बुंध्याला धरून वाकले होते, आणि पोटातलं सगळं बाहेर येत होतं.

बायकोने अशा वेळी काय करावं? पाठ चोळावी, पाणी द्यावं, देवाचं नाव घ्यावं. मी धावत गेले आणि विचारलं, "कोणती वाटी?"

ह्यांनी एक हात वर केला. मला वाटलं, मारतायत की काय. पण दोन उमाळ्यांच्या मध्ये तोंड पुसून म्हणाले, "डावीकडून दुसरी."

मी चिठ्ठी पाहिली. जस्त.

पोटात कळ येत असताना जागा अचूक सांगणारा माणूस खरा ओव्हरसीअर. मी तेव्हा ह्यांना तसं बोलून दाखवलं नाही, कारण तेवढी लाज होती. पण मनातून मला ह्यांचा फार अभिमान वाटला. संध्याकाळी हे भाताची पेज पिऊन उठले आणि विलायती जाळीचा गुंडाळा मोटारीवर चढवून महाडला परत देऊन आले. दुकानदाराने विचारलं, माल का परत? तर हे म्हणाले, "चव आवडली नाही."

उरलेल्या वाट्या मी स्वतः जिभेवर घेऊन पाहिल्या. पितळेच्या वाटीने तोंड आवळलं. लोखंडाच्या ताकाला गंजाचा वास. कल्हईचं ताक ताकासारखं लागलं.

*

तार कसली ते ठरलं: कल्हईची लोखंडी, आणि जाळी विणायची अब्बासभाईंनी. भोक केवढं, ते रखमाबाईंनी ठरवलं.

रखमाबाई मूळच्या शिवथरच्या, राहायला इथल्या वरच्या वाडीत. मुलगा मुंबईला गिरणीत, सून त्याच्याबरोबर. ह्या एकट्या दोन म्हशी सांभाळायच्या आणि आमच्या गल्लीला दूध घालायच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कुठलंही जनावर कुठून आत येईल हे त्यांना ते येण्याच्या आधी माहीत असायचं.

ह्यांनी कागदावर आखणी केली होती. पोपटाचं डोकं बाहेर येता कामा नये, म्हणून एवढं इंच. मला ते पटलं होतं. रखमाबाईंनी दुधाची कासंडी खाली ठेवली, कागदावरच्या चौकोनात अंगठा ठेवला आणि हसल्या.

"पोपट भायेर येनार नाय गो बाय. पन धामन आत येल त्याचं काय? पाखरू भायेर कसं जाईल ते नका बगू. दुसरं आत कसं येल ते बगा."

हे म्हणाले, धामण एवढ्यातून कशी येईल? रखमाबाई म्हणाल्या, उंदीर जातो तिथं धामण जाते, त्याच्याच मागून. आणि उंदराचं डोकं गेलं की उंदीर गेलाच. ह्यांना ते खरं वाटेना. त्यांनी खोक्याला कागदावरच्या मापाची जाळी विणून लावली, सापळ्यातला उंदीर आत सोडला आणि घड्याळ काढलं. हे घड्याळाला किल्ली देत होते तोवर उंदीर जाळीतून निसटून समोरच्या उंबऱ्यावरून घरात गेला.

रखमाबाईंनी आपली करंगळी पुढे केली. "ह्या मापाची करा." त्यांची करंगळी, माझी नाही. माझी पाहून त्या म्हणाल्या, "तुजी नको. तुज्यातून मुंगी पन जायाची नाय."

विणकाम सुरू झाल्यावर रखमाबाई रोज दूध घालायला आल्या की आधी जाळीच्या नव्या ओळींत करंगळी घालून बघायच्या. जिथे ती सहज आत गेली, तिथे अब्बासभाई ती ओळ उसवायचे. दोघांनी एकमेकांशी कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही. दोघंही आपापल्या हातांशीच बोलणारी माणसं.

*

विणायच्या आधी तारेवर कल्हई करायची, तर कथील चोख हवं होतं. माझ्या डोक्यात नवीन किडा शिरला. बाजारच्या कथिलात शिसं मिसळतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. शिसं तर पितळेच्या कळंकापेक्षा वाईट. म्हणजे आपण एक विष काढून दुसरं माखणार? मी अब्बासभाईंना सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, आणि ते भाता आवरून निघाले तेव्हा फाटकापाशी पुन्हा विचारलं.

त्यांचा भाचा मुंबईच्या बंदरात होता, त्याच्याकडून त्यांनी कथिलाच्या दोन कांड्या मागवल्या. त्या आल्यावर मला अंगणात बोलावलं.

"कान इकडं करा बाय."

त्यांनी एक कांडी माझ्या कानाजवळ धरली आणि दोन्ही हातांनी हळूच वाकवली. कर्र कर्र असा आवाज आला. बारीक, दात खाल्ल्यासारखा. मी दचकले. मग दुसरी वाकवली. ती मऊ मेणासारखी वाकली आणि गप्प राहिली.

"चोख कथील वाकवलं का रडतं," अब्बासभाई म्हणाले. "जे वाकतं आनि गप बसतं, त्याच्यात शिसं असतं."

दुसरी कांडी त्यांनी लगेच टपालाने परत पाठवली आणि आणखी चोख कथील मागवलं.

मी जन्मापासून रडी. माहेरी मला 'गळका माठ' म्हणायचे. कमूला शिंक आली तरी माझे डोळे भरतात, आणि सासरी येऊन तीन वर्षं झाली तरी मला त्याची लाज वाटायची. त्या दिवशी मात्र बरं वाटलं. हे पडवीत बसून ऐकत होते. रात्री जेवताना भाजीत मीठ जास्त झालं म्हणून माझे डोळे पुन्हा भरले, तर हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "असू दे. माल चोख आहे."

*

मध्येच एक वेगळी काळजी होती, ती सांगते. कमू बोलत नव्हती. शेजारची तिच्याएवढी पोरं 'आई, बाबा, भू' सगळं म्हणायची. आमच्या मुलीचं तोंड सदा भरलेलं. मी ह्यांच्या मागे लागून तिला महाडच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बोलेल, घरात कोणी भरपूर बोलणारं असलं की मुलं बोलतात. घरात भरपूर बोलणारा एकच होता.

माघातली गोष्ट. अब्बासभाई अंगणात तार ताणत होते, रखमाबाई दूध मापत होत्या, कमू माझ्या कडेवर. मिठूच्या दांडीकडे बघत बघत तिने अंगठा तोंडातून काढला आणि स्पष्ट, ठणठणीत, वर्गावर ओरडावं तशा सुरात म्हणाली, "सूनबाई, चहा."

आयुष्यातला पहिला शब्द.

मग खाटेवरून एक आवाज आला. मामंजी हसत होते. तोंडाची एकच बाजू वर जात होती, पण हसत होते. डाव्या हातातली काठी त्यांनी एकदा ठोकली.

रखमाबाईंनी दुधाचं माप कडेला ठेवलं. "काय गो तुजं नशीब. एक सासरा खाटंवर, एक दांडीवर, आनि आता एक कडंवर."

कमू पुढे सहा महिने मला सूनबाईच म्हणत होती. मीही ओ देत होते.

*

अब्बासभाईंच्या हाताबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

लोखंडी तार आधी चिंचेने आणि वाळूने घासायची, लखलखीत होईपर्यंत. मग निखाऱ्यावर तापवून नवसागर लावायचा, आणि कढईतल्या वितळलेल्या कथिलातून ती एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने कापसाने पुसत ओढून काढायची. बाहेर यायची तेव्हा चांदीचा धागा निघाल्यासारखी दिसायची. हे सगळं वार-वार. वार म्हणजे दोन हात. पडवीभर जाळीला किती तार लागली ते मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर त्यांना थांबवलं असतं.

आणि सांधे. जाळी विणणारे सांध्यावर शिशाचा थेंब टाकून मोकळे होतात. अब्बासभाईंनी एकही सांधा तसा केला नाही. जिथे दोन तारा भेटतात तिथे बारीक तारेचे अडीच वळसे, पकडीने आवळून, टोक बाहेरच्या बाजूला दुमडून. का बाहेर, मी विचारलं. आत पाखरू फडफडतं, ते म्हणाले. लगेच माझ्या मनात आलं, बाहेर कमू असते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कानस घेतली आणि बाहेरची टोकंही घासायला बसले.

झाल्यावर त्यांनी डोक्याचा मलमलीचा रुमाल सोडला आणि सगळ्या जाळीवरून फिरवला. आतून, बाहेरून, वरून खाली. जिथे धागा अडकला तिथे थांबून पुन्हा कानस. हे कचेरीत जायला निघाले होते, ते पायात वहाणा घालून तिथेच उभे राहिले. मग मला आत येऊन म्हणाले, "माझ्या हाताखाली असा एक माणूस असता, तर घाटात एकही कठडा पडला नसता."

तिसऱ्या दिवशी रुमाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडकता गेला. अब्बासभाईंनी तो झटकून पुन्हा डोक्याला बांधला.

*

शिमग्याच्या अलीकडे पक्षीघर तयार झालं. दार बसलं, कडी बसली, आत आंब्याची फांदी उभी केली. आता मिठूला आत सोडायचं, एवढंच उरलं.

आणि माझा हात दांडीकडे जाईना. ताकाची परीक्षा झाली, कथील रडून झालं, रुमाल फिरून झाला. तरी मला वाटलं, एखादा सांधा राहिला असेल, एखाद्या वाराला कल्हई पातळ असेल, मिठू तोच नेमका कुरतडेल, आणि एके सकाळी घरातला तो आवाज थांबेल. मी अब्बासभाईंना विचारलं, नक्की ना? शंभरदा विचारलं असेल आजवर, ते कधी चिडले नाहीत. त्या दिवशीही चिडले नाहीत. हत्यारं पिशवीत घातली आणि उत्तर न देता निघून गेले.

मी दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या. एवढ्या मोठ्या कारागिराचा मी अपमान केला.

दुसऱ्या सकाळी ते परत आले. हातात कापड घातलेला छोटा पिंजरा. कापड काढलं, आत त्यांचा तितर. तो आम्हाला ऐकून माहीत होता. बायको गेल्यापासून अब्बासभाईंच्या घरात त्या तितराखेरीज कोणी नव्हतं. पहाटे तो ओरडायचा तेव्हा ते उठायचे.

"माझा आत ऱ्हाईल आठ दिस," ते म्हणाले. "त्याला काय झालं नाय, तर मास्तरांचा घाला."

ते दाराकडे वळले तर मागून काठी वाजली. दोनदा.

अब्बासभाई थांबले. मामंजींनी काठीने आधी मिठूकडे दाखवलं, मग दाराकडे. आमचा आधी. अब्बासभाईंनी मान हलवली. "नाय मास्तर. जाळी माझी हाय. ती खोटी निघाली तर माझं जावं, तुमचं नाय."

काठी पुन्हा दोनदा वाजली. अब्बासभाई हलेनात. दोन म्हातारे, एकाला वाचा नाही आणि दुसऱ्याला बोलायची सवय नाही, आणि दोघांपैकी एकही मागे सरेना. रखमाबाई कासंडी घेऊन पायरीवरच उभ्या.

तेव्हा मी काय केलं, का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. विचार करून केलं असतं तर केलंच नसतं. मी पक्षीघराचं दार उघडलं, कडेवरच्या कमूला आत जमिनीवर ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

कमू उभी राहिली. तिने इकडे तिकडे बघितलं. मग तिला जे करायचं होतं तेच तिने केलं. दोन्ही हातांनी जाळी धरली, तोंड पुढे नेलं आणि चारी दातांनी एक सांधा चावायला लागली.

दिवसातून चाळीस वेळा मी तिच्या तोंडातून काहीतरी काढते. 'छी, टाक' हे शब्द झोपेतसुद्धा माझ्या तोंडी असतात. त्या वेळी मी काही बोलले नाही. हात पाठीमागे धरून उभी राहिले. हे माझ्याकडे बघत होते.

कमूने तो सांधा सोडला, शेजारचा धरला. लाळ तारेवरून खाली ओघळत होती.

अब्बासभाईंनी हातातला पिंजरा हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा कधी पाहिला नव्हता.

"बाय," ते म्हणाले, "आता मला भ्या वाटाय लागलं."

ते कोपऱ्यात गेले, अगदी पहिल्या दिवशी विणलेल्या पहिल्या ओळीपाशी खाली बसले, पिशवीतून पकड काढली, आणि पहिल्या सांध्यापासून पुन्हा तपासायला लागले.